बोटीचं बूच

प्रिय आई,

धरणावर आम्ही सुखरूप आहोत. तू भरून दिलेले पिरोगी पहिल्याच दिवशी खाऊन संपले. वाऱ्याने तंबू अजून तरी उडवलेला नाही. तुझी कंबर कशी आहे?

आता खरं सांगते. काल ओरेस्टने बोट पाण्यात सोडली, आणि तळाच्या भोकाचं बूच लावलेलंच नव्हतं. घोट्यापर्यंत पाणी आत आलं. मागे उतारावर बोटी घेऊन आलेल्या सहा गाड्या खोळंबलेल्या, त्या सगळ्यांसमोर तुझा लाडका मुलगा बाबांवर खेकसला, "एवढं एक काम होतं तुमच्याकडे, तेही विसरलात?"

चाळीस वर्षं येणाऱ्याजाणाऱ्याला "बूच लावलंस का रे?" म्हणून चिडवणारे आपले बाबा. प्रत्येक गाडीपाशी जाऊन माफी मागून आले.

संध्याकाळी ओरेस्टने मासेमारीचा परवाना काढायला खिशात हात घातला, तर परवान्याबरोबर बूचही बाहेर आलं. बाबांनी सकाळीच त्याच्याकडे दिलं असणार. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि गुपचूप ते परत खिशात टाकलं.

आज बाबा मला विचारत होते, "लेस्या, डॉक्टरांना दाखवायला हवं का गं मला?"

बूच मी ओरेस्टच्या जॅकेटमधून काढून घेतलंय. पुढच्या रविवारी आम्ही सगळे तुझ्याकडे जेवायला येतोय. तोवर त्याने बाबांपाशी तोंड उघडलं नाही, तर ते बूच त्याच्या ताटात वाढणार आहे. तू मध्ये पडू नकोस.

तुझी धुमसणारी,
लेस्या