तार वर जात नाही

३ तारीख, सोमवार
आज इस्पितळात नर्स म्हणून रुजू झाले. तळमजल्यावर दुर्बीण विभाग: दोन खोल्या, एक एक्स-रेचा पडदा, शिशाचे चार एप्रन. माझ्या मापाचा एकही नाही. इनचार्ज सिस्टर म्हणाल्या, महिनाभरात मापात बसशील तू, एप्रन नव्हे. धाकट्या डॉक्टरांचा हात पाहत राहावा असा आहे. तोंडातून दुर्बीण आतड्यापर्यंत, तिथून पित्तनळीत तार, तारेवरून प्लास्टिकची बारीक नळी. औषध सोडलं की पडद्यावर पित्तनळी फांद्यांसकट उमटते. वरच्या मजल्यावर त्यांचे वडील, मोठे डॉक्टर, पित्ताशयं काढतात. ताईला खड्यांचा त्रास आहेच. लगेच मोठ्यांकडे तिचा सतरा तारखेचा नंबर लावला. खूश झाली.

७ तारीख, शुक्रवार
आठवड्यात चार रुग्ण पिवळे डोळे घेऊन खाली आले. चौघांचं पित्ताशय वरच काढलेलं. तिघांच्या पित्तनळीला भोक, पित्त पोटात झिरपतंय. चौथ्याच्या पित्तनळीवर ऑपरेशनमधला चिमटा अर्धवट बसलेला. धाकट्यांनी चौघांनाही नळी घातली, वाट मोकळी केली. नातेवाइकांना सांगितलं, एक खडा राहून गेला होता. मीही मान डोलावली.

१२ तारीख, बुधवार
सिस्टरांना विचारलं. त्या दुर्बीण धूत राहिल्या. म्हणाल्या, बाप वर कापतो, लेक खाली सांधतो, वर्ष झालं. मोठ्यांना डाव्या डोळ्याने दिसत नाही. त्यांना सांगायचं कोणी? आणि सांधलं जातंच की.

१५ तारीख, शनिवार
ताईला फोन करून पुढे ढकल म्हटलं. तिने कारण विचारलं. नोकरीला दोन आठवडेसुद्धा झालेले नाहीत. म्हटलं, मशीन जुनं आहे. ती हसली.
"माझी दाढ काढतानाही असंच अडवलं होतंस. भित्री कुठली."
खरं सांगितलं नाही.

१७ तारीख, सोमवार
सकाळी ताईला ऑपरेशनसाठी घेऊन वर गेले. मोठे डॉक्टर हात धूत होते. काळजी करू नकोस पोरी, म्हणाले. माझ्याकडे बघून म्हणाले, पण बघत होते माझ्या शेजारच्या भिंतीकडे. बोलायचं होतं. तोंड उघडलं, आणि — नमस्कार केला. खाली आले.

१९ तारीख, बुधवार
ताईचे डोळे पिवळे.

२० तारीख, गुरुवार
तार मलाच धरावी लागली. सिस्टर रजेवर. औषध सोडलं, चिमट्यापाशी थांबलं. पुढे फांदी नाही. काहीच नाही. तार पाच वेळा घातली. सहा. वर जात नाही. पित्तनळी आरपार तुटली आहे. इथून सांधता येणार नाही.

११.४०
पोट उघडावं लागेल. मी म्हटलं, दुसरीकडे नेते. धाकटे म्हणाले, बाबा स्वतः करायचं म्हणताहेत. मी म्हटलं, तुम्हाला माहीत आहे. त्यांनी संमतीचा कागद पुढे केला. ताई ग्लानीत, सही माझी हवी. करणार नाही. गाडी बोलावली आहे, वीस मिनिटांत —

११.५५
कागदावर सही आहे. माझी नाही. माझ्या नावाने — ताईची खाट रिकामी. लिफ्टचा दिवा वरच्या मजल्यावर. जिन्याने जाते —