शेजाऱ्याचा रोल

४ जानेवारी
आमच्या आळीतला सुशांत लग्नांचे व्हिडिओ करतो. आता शॉर्टफिल्म करतोय, कुडपणला. मुंबईचा मुलगा म्हाताऱ्या आईला कायमचं घेऊन जायला येतो, अशी गोष्ट. मला शेजाऱ्याचा रोल. वाक्यं दोन. "आलास?" आणि "बस." म्हणजे सहायक अभिनेता. महाडच्या फेस्टिव्हलला त्याचं वेगळं बक्षीस आहे, हे सहज विचारून घेतलं.

७ जानेवारी, सकाळ
पुरस्कार मिळालेले पाच सहायक नट मोबाईलवर बघून झाले. वहीत तक्ता केला. नायकाचा मित्र : मरतो. हवालदार : मरतो. मोठा भाऊ : मरतो, तोही रेल्वे फाटकात. दारुडा मामा : जगतो, पण खोकतो. पाचवा, मुलीचा बाप. नुसता पाठमोरा उभा. याला का दिलं? वशिला असणार.
निष्कर्ष : मरायला हवं.
उज्वलाला विचारलं, यातला कुठला आवडला? म्हणाली, बाप. बायको म्हणून चांगली आहे, पण सिनेमातलं कळत नाही.

९ जानेवारी
सुशांतला समजावलं की शेजारी मेला तर कथेला वजन येईल. म्हणाला, "सुनीलदादा, दहा मिनिटांची फिल्म आहे. तुझी तिरडी कुठे बसवू?" निदान खोकतो, म्हटलं. बघू, म्हणाला. म्हणजे हो.

१२ जानेवारी
तुडीलला नदीकाठी खोकायची प्रॅक्टिस. दोन बायका धुणं टाकून धावत आल्या, पाणी पाजलं. जमतंय.

१८ जानेवारी, कुडपण
पोलादपूरहून जीपने वर. रस्ताभर मळमळ. भूमिकेला पोषक.
शूटिंग हैबती नावाच्या म्हाताऱ्याच्या अंगणात. फ्रेम रिकामी दिसते म्हणून सुशांतने त्यालाच म्हशीजवळ बसवलं. अभिनयाचा गंध नाही. कॅमेरा चालू असताना कान खाजवतो!
मी "आलास?" म्हटलं, खोकलो, छाती धरली, कोसळलो. म्हैस दावं तोडून पळाली. हैबती ओरडला, "मरायचं तर तिकडं जाऊन मर रे! म्हस गाभण हाय माझी!"
सात टेक. आठव्याला सुशांतने हात जोडले. मग सरळ "बस" म्हटलं. पण डोळ्यांत मरण आणलं.

१५ फेब्रुवारी, दुपार
फेस्टिव्हल. नवा कुर्ता. खिशात आभाराचं भाषण, दीड पान.
फिल्ममध्ये मी नाही. म्हणजे कोपर आहे. डावं.
शेवटी म्हातारी गाठोडं घेऊन निघते. हैबती म्हशीची मान खाजवत असतो. म्हातारी समोरून जाते तसा तो उठतो, काहीतरी बोलणार असं वाटतं, आणि परत खाली बसतो. एवढंच. हॉलमध्ये कुणी हललं नाही. उज्वला पदराने डोळे पुसत होती.
सहायक अभिनेता : हैबती. म्हैस व्यायली म्हणून तो आला नव्हता. सुशांत म्हणाला, दादा, तू जा वर, घे त्याच्या वतीने. निवेदिका म्हणाली, दोन शब्द बोला. मी म्हणालो, "ते येऊ शकले नाहीत." टाळ्या पडल्या. थोड्या माझ्याही असाव्यात.

१८ फेब्रुवारी
ट्रॉफी घेऊन कुडपण. हैबतीने उलटीसुलटी करून पाहिली. म्हणाला, "मी काय केलं?"
विचारलं, तुम्ही उठलात ते सुशांतने सांगितलं होतं का?
"नाय. ती गाठोडं घेऊन निघाली नि वाटलं, आमची चंद्राबाईच. शेजारीण व्हती. पोरानं ठाण्याला न्हेली. तवा मी रानात व्हतो, बोलायचं ऱ्हायलं. म्हणून उठलो. मग बघितलं, ही ती नाय. बसलो."
तिथल्या तिथे मी मनात तीनदा उठून बसून बघितलं. जमलं नाही.
त्याची बायको ठकूबाई चहा घेऊन आली. मला निरखून म्हणाली, "तुमी पण व्हतात ना पिक्चरात?"
म्हटलं, "नाय मावशी. मी हे पोचवायला आलोय."