तळ सांभाळ

मंगळवार, ७ जून १९९४

सकाळचे साडेनऊ. पिंप घासत होतो.

काल रोंगो आजोबा आमच्या आतिऊ बेटावरून विमानाने रारोटोंगाला गेले, डोळ्यातला मोतीबिंदू काढायला. येईपर्यंत तुमुनू, म्हणजे आमचा संत्र्याची बिअर करून प्यायचा अड्डा, माझ्याकडे. नऊ जणांमधून मला निवडलं! सगळ्यांसमोर म्हणाले, "हा शाळा अर्ध्यात सोडून आला, पण याच्या हातून कधी काही सांडत नाही." विमानात चढता चढता माझा खांदा धरून म्हणाले, "तळ सांभाळ, बाळा."

आमचं पिंप जुन्या तऱ्हेचं आहे, नारळाच्या बुंध्याचं, आतून कोरलेलं. तळाला एक चीर दिसते. तीच सांभाळायची असणार. आधी आत उरलेला गाळ झुडपात ओतला. तळाशी बोटभर जाड तपकिरी थर होता, तो चमच्याने खरवडून काढला. मग अर्धी बाटली ब्लीच आणि ब्रश. तीन वेळा घासलं, चार वेळा धुतलं, चिरेत डिंक भरला आणि उन्हात पालथं घातलं.

आता आतून पांढरंशुभ्र आहे. दवाखान्यासारखा वास येतो. आजोबांना फार आवडेल.

बुधवार, ८ जून

कसं लिहू!

तांगी दुपारी आला. करवंटी भरून प्रत्येकाच्या हातात द्यायचं काम त्याचं. आल्या आल्या पिंपात डोकं घातलं, तसंच बाहेर काढलं. शिंकला.

"लेका, यात बिअर करायचीय की बाळंतपण?"

मी हसलो.

"आणि विरजण कुठे काढून ठेवलंस?"

कसलं विरजण, हे मी विचारायला हवं होतं. त्याऐवजी तोंडातून निघालं — "घरी आहे. झाकून ठेवलंय."

"शाब्बास. आजोबा उगीच नाही म्हणत तुला नीट माणूस." मग तो पिंपाला टेकून बसला आणि सांगत राहिला. ते विरजण आजोबांच्या वडिलांनी लावलेलं. बेटावर विमानतळही नव्हता तेव्हा. दर खेपेला तळाशी जो गाळ उरतो त्यावरच नवा संत्र्याचा रस ओतायचा, की तो आपोआप फसफसतो. पिंप कधी धुवायचं नाही. "दोन वादळं आली, छप्पर उडालं, पण तळ मेला नाही."

तळ. तळ म्हणजे तळ नव्हे! तळ म्हणजे तळाशी असलेलं ते!

मला कुणी सांगितलं नव्हतं. पण मी विचारलंही नव्हतं. मी विचारत नाही, माझं अज्ञान दिसेल म्हणून. मी घासतो.

गुरुवार, ९ जून

पहाटेच झुडपापाशी गेलो. जिथे ओतलं तिथली पानं करपली आहेत. ब्लीचचं पाणीही तिथेच ओतलं होतं ना. माती चमच्याने उकरून साखरपाण्यात घातली. सकाळी नऊला पाहिलं, दुपारी बाराला पाहिलं, चारला पाहिलं. एक बुडबुडा नाही.

शुक्रवार, १० जून

अकाइती आजींनी कुंपणावरून हाक मारली. रोंगो आजोबांची बायको, पण तुमुनूवर आपली सावलीसुद्धा पडू देत नाहीत. चर्चमधल्या पहिल्या बाकावरच्या! चाळीस वर्षं नवऱ्यासाठी मोठ्याने प्रार्थना करताहेत, त्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. तरी दर खेपेला एक बरणी गाळ मात्र नेतात. कोंबड्यांना घालायला.

"माताइओ, माझ्या कोंबड्यांचं काय?"

"आजी, या खेपेला गाळ टाकून दिला. पिंप धुतलं."

"सगळा?"

"सगळा."

उभ्याच राहिल्या. मग घरात गेल्या. फाटक लावायचंही राहिलं, मीच लावलं. आता कोंबड्यांचाही गुन्हेगार मी.

शनिवार, ११ जून

दुकानातून यीस्टची दोन पाकिटं घेतली. (यीस्ट — स्पेलिंग पाकिटावर बघून लिहिलं.) दुकानदार म्हणाला, "पाव करतोस?" मी म्हणालो, "हो." हे दुसरं खोटं. माझ्याकडे सुट्टे नव्हते, म्हणून पैसे तुमुनूच्या डब्यातून घेतले. तिसरं.

दोन पोती संत्री. सोलली, फडक्यातून पिळली, साखर आणि माल्ट मोजून घातलं, झाकण बांधलं. मोजमाप बरोबर आहे. बाकी सगळं चुकलेलं आहे.

रविवार, १२ जून

चर्च. उपासनेनंतर पाद्रींच्या चहाला दर रविवारी आजींचा पाव असतो. तसा पाव आतिऊवर कुणाला जमत नाही, जरा आंबूस, आतून जाळीदार. आज बिस्किटं होती. आजींना बरं नाही म्हणे.

मंगळवार, १४ जून

फसफसतंय. मला आनंद झाला, आणि लगेच आनंद झाल्याची लाज वाटली.

शनिवार, १८ जून

आज उघडलं. पाच वाजता नऊ जण ओंडक्यांवर गोल बसले, प्रार्थना झाली, स्तोत्र झालं. तांगीने पहिली करवंटी मला दिली, करणाऱ्याचा मान म्हणून. मी डोळे मिटून एका घोटात संपवली. संत्र्याची चव होती, गोडसर. दुसरं काही नव्हतं. आजोबांच्या बिअरला मागून एक चव येते, ओल्या लाकडासारखी, किंचित कडू. ती नव्हती.

करवंटी फिरली. मी प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होतो.

"वा!"

"जुना तळ तो जुना तळ!"

"म्हातारा आणखी महिनाभर तिकडेच राहिला तरी चालेल." — हे तांगी. सगळे हसले.

कुणालाच कळलं नाही. मला वाटलं होतं, पकडला जाणं सगळ्यात वाईट. तसं नाही.

रविवार, १९ जून

पुन्हा बिस्किटं.

सोमवार, २० जून

पोस्टात आजोबांचा फोन आला, मला निरोप पाठवून बोलावलं. ऑपरेशन नीट झालं. डोळ्यांबद्दल दोन वाक्यं बोलले असतील. मग —

"तळ कसा आहे रे?"

आजारी मूल मागे ठेवून गेलेला माणूस विचारतो तसं.

"बरा आहे आजोबा."

"जूनची थंडी पडलीय तिकडे. रात्री पोतं घालतोस ना अंगावर?"

"घालतो."

त्यांनी "अंगावर" म्हटलं. पिंपाच्या. मी परत येताना वाटेत बसलो थोडा वेळ.

शुक्रवार, २४ जून

आजोबा आले. डाव्या डोळ्यावर पट्टी, हातात पिशवी. घरी गेले नाहीत, विमानतळावरून सरळ तुमुनूवर. सगळे जमले. आजोबांनी आधी पिंपावर हात फिरवला. चिरेतल्या डिंकापाशी बोट थांबलं.

तांगीने करवंटी भरली. आजोबा प्यायले. पुन्हा मागितली. दुसरी अगदी हळू प्यायले, जिभेवर धरून. मग करवंटी मांडीवर ठेवून बसले.

"कशी झालीय, म्हाताऱ्या?" तांगी म्हणाला. "पोराने नाव राखलं की नाही?"

"तुम्हाला कशी लागते?"

"नेहमीसारखी!" सगळे एका सुरात.

आजोबांनी मान हलवली. "मग माझंच काहीतरी झालंय. मला नुसतं संत्रं लागतंय. बाकी काही लागतच नाही." हसायचा प्रयत्न केला. "डोळा नीट करायला गेलो आणि जीभ तिकडेच विसरून आलो."

कुणीतरी म्हणालं, औषधांनी होतं असं, येईल परत. आजोबा म्हणाले, "नाही रे. या वयात गेलेलं परत येत नाही. ज्याला चव कळत नाही त्याने पिंपाशी बसू नये." आणि करवंटी तांगीच्या हातात देऊन उठले. "यापुढे पोरगा करेल. चांगली करतो, तुम्ही म्हणताच आहात."

पायवाटेने एकटेच गेले. एका डोळ्याने ठेचकाळत. मी तिथे दगडासारखा बसलो होतो!

आधी मी त्यांचं विरजण मारलं. आता त्यांची जीभ.

शनिवार, २५ जून

सांगितलं.

सकाळी आठला गेलो. आजोबा ओसरीवर बसले होते, आजी आत. मी उभ्यानेच सगळं सांगितलं, ब्लीचपासून डब्यातल्या पैशांपर्यंत, तारखेवार. न लिहिता बोललो तर काही सुटेल म्हणून कागदावर लिहून नेलं होतं, ते वाचलं.

आजोबांनी कागद माझ्या हातातून घेऊन घडी घातली. मग म्हणाले, "ब्लीच किती घातलंस?"

"अर्धी बाटली."

"अर्धी!" आणि एकदम हसायला लागले. मांडीवर थाप मारली. "म्हणजे माझी जीभ शाबूत आहे! त्या आठ गाढवांना काही कळलं नाही आणि मला कळलं!" हसता हसता पट्टीखालून पाणी आलं. डॉक्टरांनी रडायचं नाही म्हणून सांगितलंय, तरी ते थांबेना. मग ते हसणंही राहिलं नाही.

"बापाने लावलेलं होतं रे," म्हणाले. "त्याचा फोटोसुद्धा नाही माझ्याकडे. तेवढंच होतं."

मी म्हणालो, मला मारा. ते म्हणाले, "तुला मारून काय करू? नीट माणूस बघून दिलं, तिथेच चुकलो. एखादा आळशी बघायला हवा होता."

आत आजींच्या हातून काहीतरी पडलं. फुटल्याचा आवाज आला.

रविवार, २६ जून

चर्चची पहिली घंटा व्हायच्या आत दारात आजी. पांढरा पोशाख, पांढरी टोपी, स्तोत्रांच्या पुस्तकाची पिशवी. पिशवीतून टॉवेलात गुंडाळलेली बरणी काढली. झाकण सैल केलं आणि आतून सुस्कारा आला. तपकिरी, फेसाळ, जिवंत! ओल्या लाकडाचा तोच वास!

"मागच्या बरणीत एक चमचा उरला होता," आजी म्हणाल्या. "दोन आठवडे वाढवतेय. म्हणून पाव नव्हता."

मी नुसता बघत राहिलो.

"असा बघू नकोस. नवी नवरी होते. चार चार महिने बोट यायची नाही, पावाला यीस्ट कुठून आणणार? एकदा यातलंच घेतलं. मग ते पावच सगळ्यांना आवडायला लागले. पाद्रींनासुद्धा. एक्केचाळीस वर्षं! कोंबड्या मका खातात."

"आजोबांना काय सांगू?"

"सांग, चिरेत उरलं होतं. डिंकाखाली."

कालच पहिल्यांदा खरं बोललो होतो. एक दिवससुद्धा टिकलं नाही.

खर्च: ब्लीच तीन डॉलर ऐंशी. यीस्ट दोन डॉलर चाळीस, ते डब्यात परत टाकले.
देणं: दर खेपेला एक बरणी तळ. कोंबड्यांना.