मनाली, बुटका ओटा आणि दोन ठोके

मी, श्रीमती हेमांगी सुशील मोकल, वय ३१, धंदा नोकरी (ड्राफ्ट्समन, यांत्रिकी), राहणार पेण, जिल्हा रायगड, हे मृत्युपत्र स्वतः विचार करून आणि स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. वकिलांच्या मसुद्यात 'शरीराने व मनाने सुदृढ असताना' असे शब्द होते. ते मी खोडले. शरीराने मी सुदृढ नाही. दोन वर्षांची असताना पोलिओ झाला, तेव्हापासून डाव्या पायात कॅलिपर, म्हणजे आधाराच्या लोखंडी पट्ट्या, आणि काखेत दोन कुबड्या आहेत. या कागदाला लागते ते मन, आणि ते शाबूत आहे. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. आणला असता तर इथे नावानिशी लिहिले असते.

पुढच्या महिन्यात मुंबईत माझ्या उजव्या खुब्याचे ऑपरेशन आहे. पाठीचा कणा वाकडा असल्यामुळे फुप्फुसांना जागा कमी पडते आणि भूल देण्यात धोका आहे, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. स्पष्ट सांगितल्याबद्दल मी त्यांची आभारी आहे. मी परत येईन असेच धरून चालले आहे. पण माझी मुलगी मनाली पाच वर्षांची आहे आणि तिला वडील नाहीत. ती कुठे राहील हे मला न विचारता चार माणसांनी बसून ठरवावे, असे एकदा होता होता राहिले. पुन्हा ती वेळ येऊ नये म्हणून हा कागद.

१. माझ्यामागे मनालीच्या पालक म्हणून मी माझ्या सासूबाई श्रीमती विमलबाई हैबतराव मोकल यांना नेमते. ज्यांनी आमचे लग्न पाहिले त्यांना याचे आश्चर्य वाटेल, म्हणून कारण लिहिते.

सासूबाईंचा गणपतीचा कारखाना आहे. सुशीलने मला पसंत केले तेव्हा त्या कारखान्यातच, कारागिरांसमोर म्हणाल्या होत्या, "भंगलेली मूर्ती कोण घरात ठेवतं काय रे?" मी दारात उभी होते. सुशील एका मूर्तीला पॉलिश पेपर मारत होता. मान वर न करता तो म्हणाला, "आये, भंगली कधी म्हणायची? पूजा झाल्यावर मोडली तर. वाळताना तडा गेला तर आपण शाडू भरतो नि रंगवतो. तूच शिकवलंस." कारखान्याचा नियम बरोबर होता, त्यांनी तो चुकीच्या ठिकाणी लावला होता. सासूबाईंनी विषय सोडला. पटले म्हणून नव्हे, कारागीर हसले म्हणून. सासूबाईंचे ते वाक्य मी सात वर्षे बाळगले. आता इथे लिहून खाली ठेवते.

सुशील १९९५ साली कावीळ होऊन गेला. तेराव्याला माझा भाऊ जगन माझ्या माहेराहून, वरशाहून, बायकोमुलांना घेऊन आला. जेवणे झाल्यावर कारखान्याच्या अंगणात मंडळी बसली आणि मनालीला वरशाला न्यायचे ठरू लागले. ती तेव्हा दोन वर्षांची होती. मी आत भांड्यांपाशी होते.

"ती काय पोरीमागं धावणार हाय?" जगन म्हणत होता. "माझे दोन पोरगे हायत, तिसरी ही. कमी पडंल काय तिला?"

मी बाहेर आले आणि म्हणाले, "दादा, माझ्याबद्दल बोलतोस तर मला विचार."

"तुला काय विचारायचं गो? तुझ्या भल्याचंच बोलतोय."

तेवढ्यात मनाली अंगणातून शाडू भिजवायच्या हौदाकडे पळत सुटली. बसलेले सगळे उठले. मी कुबडी फरशीवर दोनदा ठोकली. मनाली होती तिथे खाली बसली.

यात चमत्कार नाही. मी मुलामागे धावू शकत नाही, म्हणून ती रांगायला लागली तेव्हापासून तिला थांबायला शिकवले होते. दोन ठोके झाले की असेल तिथे बसायचे, बसली की पोह्याच्या पापडाचा तुकडा. तिला उचलून चालणेही मला शक्य नव्हते. कारखान्यात मूर्ती रंगवताना फिरवायला चाकांचा पाट असतो, तसा एक सुशीलने मला करून दिला होता. त्यावर बसवून मी तिला घरभर नेत असे. इतर आयांना जे पायांनी जमते ते मी आधी आखून मग करते, एवढाच फरक.

जगनच्या धाकट्याला मात्र असे काही शिकवलेले नव्हते. तो मनालीच्या मागून आला, तिला ओलांडून पुढे गेला आणि कमरेपर्यंत हौदात उतरला. सासूबाई हौदापाशी आल्या. त्या म्हणाल्या, "जगनभाऊ, आदी तुमचा धड पायांचा हौदातनं काढा. मंग आमच्या पोरीचं बघू."

त्या मुलाला धुऊन, सुशीलचा जुना सदरा घालून वरशाला पाठवले. सदरा त्याच्या घोट्यापर्यंत येत होता. मनाली घरीच राहिली. संध्याकाळी सासूबाई माझ्यापाशी येऊन म्हणाल्या, "तो ठोका मला बी शिकव गो. माझं गुडघं गेलंत."

सासूबाईंकडून मला मिळालेले हे सर्वांत मोठे प्रशस्तिपत्र. मी रोह्याला कामावर जाते तेव्हा मनाली कारखान्यात त्यांच्या नजरेखाली असते. त्या लाडही करतात आणि रागावतातही. पालकाला याहून अधिक काही लागत नाही.

२. सासूबाई नसतील किंवा त्यांना झेपणार नाही, तेव्हा पालक जगन. वाचताना तो चकित होईल. चौथीपर्यंत त्याने मला पाठुंगळी घेऊन शाळेत नेले आणि पावसात इरले माझ्या डोक्यावर धरले, स्वतः भिजला. ते मी विसरलेले नाही. त्याची चूक एवढीच की पाठीवरून मी उतरले हे त्याच्या ध्यानात आले नाही. वरशाच्या भातशेतीच्या सातबाऱ्यावर माझे नाव आहे. माझा हिस्सा मी जगनला देते, कारण शेत तो कसतो. मनाली त्याच्याकडे राहिली तर घरात तिला कोणीही 'बिचारी' म्हणू नये. हे वहिनींनाही लागू आहे.

३. कारखान्यामागच्या दोन खोल्या सुशीलनंतर माझ्या नावावर आहेत. त्या मनालीच्या. सासूबाईंना तहहयात राहण्याचा हक्क. स्वयंपाकाचा ओटा बावीस इंच उंचीचा आहे, मी बसून काम करते म्हणून मी तो तसा काढला आणि सुशीलने बांधून घेतला. तेव्हा सासूबाई त्याला भातुकलीचा ओटा म्हणाल्या होत्या. आता त्याच त्यावर बसून भाकऱ्या थापतात आणि मला पुढे सरकायला सांगतात. ओटा उंच करू नये.

४. माझी शिल्लक, प्रॉव्हिडंट फंड आणि विमा मनालीच्या शिक्षणासाठी. ती काय शिकेल हे तिने ठरवावे.

५. कंपनीतल्या एका ड्रॉइंगची प्रत माझ्या कपाटात गुंडाळून ठेवली आहे, ती मनालीला द्यावी. आमचे ऑफिस पायऱ्या चढून होते. उतार बांधावा असा अर्ज मी दोनदा दिला, "बघू" असे उत्तर आले. तिसऱ्यांदा अर्जाऐवजी ड्रॉइंग दिले: एकास बारा चढ, सर्व मापे, लागणारे सिमेंट. साहेबांनी विचारले, "हे अप्रूव्ह कोणी केलं?" मी म्हणाले, "सहीची जागा रिकामी ठेवली आहे, सर." त्यांनी सही केली, त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. आता कॅन्टीनचा काळुराम चहाची ट्रॉली त्याच उतारावरून आणतो आणि म्हणतो, "मॅडम, तुमच्या पायानं माझी कंबर वाचवली." मनालीला हे माहीत असावे की विनंती मापांसह केली तर लवकर समजते.

६. माझा ड्राफ्टर, म्हणजे ड्रॉइंगच्या रेषा आखायचे साधन, आणि पट्ट्या माझी मैत्रीण रेचल एलियास रोहेकर हिला द्यायच्या होत्या. आयटीआयपासून ती माझ्या शेजारच्या टेबलावर आहे. ती ज्यू; तिचे सगळे नातेवाईक इस्राएलला गेले, ती रोह्यात राहिली. पण ती या मृत्युपत्राची साक्षीदार आहे आणि ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असा वकिलांचा सल्ला आहे. म्हणून ड्राफ्टर मी तिला गेल्या आठवड्यातच दिला. ती म्हणाली, "मेल्यावर देण्यापेक्षा हे बरं. आभार मानायला समोर कोणीतरी हवं ना."

७. पेणच्या बाजारात ओळखीचे लोक मनालीला सांगतात, "आईला सांभाळ हां गो." ते चांगल्या मनाने सांगतात, पण ती माझी काठी नाही. तिला मी सांभाळले आहे. तिने मला पाणी आणून दिले ते मुलगी म्हणून. हे तिला पुढे कोणीतरी सांगावे.

८. माझ्या कुबड्या ज्याच्या उंचीला बसतील त्याला द्याव्यात. आठवण म्हणून भिंतीला टांगू नयेत.

९. दोन ठोक्यांबद्दल. गेल्या महिन्यात आमचा कारागीर पुंडलिक फळीला खिळा ठोकत होता. दुसऱ्या ठोक्याला मनाली अंगणात मुलांबरोबर पळता पळता खाली बसली. मुले हसली. ती हसली नाही, माझ्याकडे बघत राहिली. ती आता पाच वर्षांची आहे, तिला हौद कळतो, रस्ता कळतो. ठोका बंद करायला हवा. मी परत आले तर मीच करीन. न आले तर सासूबाईंनी करावा. तिला अंगणात उभे करावे, काठी दोनदा ठोकावी आणि ती बसू लागली की "धाव" म्हणावे. ती न बसता धावेपर्यंत पुन्हा पुन्हा. पापडाचा तुकडा आता धावल्याबद्दल द्यावा.

वरील मजकूर मी सासूबाईंना आणि दोन्ही साक्षीदारांना वाचून दाखवला. सासूबाईंनी साक्षीदार म्हणून अंगठा उठवायचा हट्ट धरला आणि शाईही लावली. ज्यांना काही मिळते त्यांनी साक्षीदार होऊ नये, हे मी पुन्हा सांगितले.

"मला काय मिळतंय गो?" त्यांनी विचारले.

"मनाली," मी म्हणाले.

त्यांनी अंगठा पदराला पुसला. पदरावरचा डाग माझ्यामुळे आहे, तो साक्षीचा अंगठा म्हणून धरू नये.

ठिकाण: पेण
दिनांक: २२ नोव्हेंबर १९९८

सही: हेमांगी सुशील मोकल

आमच्यासमोर लिहिणारीने सही केली, तिच्यासमोर आम्ही केली:
१. रेचल एलियास रोहेकर, रोहा
२. पुंडलिक ठाकूर, पेण