तुझी लोकरीची पेटी का पाठवली नाही

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा नमस्कार. गुडघे कसे आहेत? लेकीच्या बाळंतपणाला म्हणून गेलीस, बाळ आता रांगायला लागलं असेल, तरी तुझं ‘पुढच्या आठवड्यात येते’ चालूच आहे. इकडे सगळे मजेत. (सगळे म्हणजे मी.)

लोकरीच्या पेटीबद्दलची तुझी तिन्ही पत्रं पोचली. पेटी पाठवली नाही, त्याचं कारण ऐक आणि रागावू नकोस. पहिलं पत्र आलं त्याच दिवशी तुझ्या खोलीत गेलो, खाटेखालून पेटी ओढली, तर झाकण उघडं (तूच टाकून गेलीस, मी नव्हे) आणि तुझ्या करड्या शालीवर वाळक्या पानांचा ढीग. त्यात एक गोल ब्रश. चाळीस वर्षं कारखान्यात ब्रश बांधतोय, हात गप्प बसतो का? उचलला. केस राठ, पण बांधणी अव्वल, एक केस गळेल तर शपथ. कडा तेवढ्या वेड्यावाकड्या होत्या, म्हणून शेगडीजवळ बसून कात्री लावणार, तोच ब्रश फुसकारला. कात्री माझ्या पायावर पडली.

शेजारच्या शिक्षिकाबाई म्हणाल्या, हा हेजहॉग, अंगभर काटे असलेला छोटा प्राणी. थंडीभर मुटकुळं करून झोपतो, मध्येच उठवला तर अंगातली चरबी संपून जीव जातो. (मागच्या दाराची निखळलेली फळी बसव म्हणून तू वर्षभर कानीकपाळी ओरडत होतीस, तिथूनच आला.) मी घाबरून दुधाची बशी पुढे केली, तर बाईंनी डोळे वटारले, दूध त्याला बाधतं. भुंगेरे आणि गोगलगायी खातो म्हणे. भर थंडीत ते कुठून आणू? मांजराचं खाणं आणलं. दुकानदार म्हणाला, मांजर पाळलं वाटतं. म्हटलं, नाही, ब्रश. खाऊन स्वारी परत तुझ्या शालीत.

तेव्हापासून घरात चोरपावलांनी चालतो. रेडिओ बंद. रोज तुझ्या दारात उभा राहून त्याचा श्वास ऐकतो, बराच वेळ काहीच नाही, मग एक येतो. बाई म्हणाल्या, एकटा राहणारा प्राणी आहे, त्याला सोबत लागत नाही. मला ते जमत नाही, ताई. घर खायला उठतं. जेवायला अजून दोन ताटं काढतो आणि एक परत ठेवतो.

तेव्हा पेटी न्यायला जावयांना पाठवू नकोस. अनोळखी पावलांनी तो जागा होईल.

तुझा,
धाकटा

ता. क. शाल हवीच असेल तर स्वतः ये. तुझी चाल हलकी आहे, त्याला चालेल.

आणखी ता. क. खोटं कशाला लिहू? मंगळवारी चांगलं ऊन पडलं आणि संध्याकाळी तो उठून आल्या वाटेने निघून गेला. फळी अजून बसवलेली नाही, आला परत तर वाट असावी. पेटीत आता फक्त तुझी लोकर आणि शाल आहे. तरी जावयांना पाठवू नकोस, तू ये.