मधुकरचा पाव आणा

बुधवार, संध्याकाळ

आज शालूवहिनी खाप्याहून आल्या होत्या. त्यांचा नवरा, माझा मित्र मधुकर गेल्यावर त्याची नाणी आवरताना त्यांना तांब्याचा एक पाव आणा सापडला. कडेला नखाएवढा तुकडा नाही. पाकिटावर माझंच अक्षर, तीस वर्षांपूर्वीचं: ‘टाकसाळीतली चूक. दुर्मीळ.’

भिंग लावलं आणि कळलं, चूक माझी होती. टाकसाळीतच तुकडा कमी असता, तर छाप पडताना कडेजवळची अक्षरं हळूहळू पुसट होत गेली असती. इथे एक अक्षर मधोमध कापलेलं, आणि कानशीचे बारीक ओरखडे. ते कापलेलं अक्षर मला तेव्हा कसं दिसलं नाही? की बघायचंच नव्हतं?

सांगावं का? सांगितलं. “वहिनी, मी चुकलो. हे नंतर कुणीतरी कापलंय.”

त्या हसल्या. “त्यायनंच कापलं होतं भाऊजी, तुमची गंमत करायले. पण तुम्ही इतके खुश झाले का त्यायले सांगवलंच नाही.”

दर भेटीत मधुकर ते नाणं माझ्यापुढे ठेवायचा. ही टाकसाळीतलीच चूक कशी, हे मी दर वेळी नव्याने समजावायचो. तो शेवटपर्यंत ऐकून घ्यायचा.