एका रोलवर दोघं

३ ऑगस्ट, शनिवार

हाताला अजून डेव्हलपरचा वास येतोय, तरी लिहायला बसलो. आज मी भयंकर खूश आहे — आणि भयंकर चिडलोय!

फोटोचा रोल धुतला. बाबाजीने काढलेली म्हैस मी काढलेल्या उणकल तलावात उभी! म्हैस अळणावरची, तलाव हुबळीचा, आणि चारी पाय बरोब्बर पाण्यात. ठरवून जमलं नसतं. बाथरूमच्या दारातूनच शालिनीला हाक मारली. बायको काय म्हणाली? "आधी बाहेर या. सकाळपासून मला आंघोळ करायचीय."

बाकीच्या पस्तीस फ्रेम मात्र चिखल. नुसता पांढरा चिखल! शंभरदा सांगितलंय त्याला — एका रोलवर आधी तू काढतोस, मग तोच रोल गुंडाळून मी वरून काढतो, तर तुझ्या चित्रात कुठेतरी काळोख सोड. काळोखातच माझं उमटणार ना? उजेडावर उजेड टाकला की सगळं पुसून जातं. तर गडी फोनवर हसतो. "पाहुण्याला अर्धं ताट कोण वाढतंय ओ मास्तर?"

११ ऑगस्ट, रविवार

आज बाबाजीला झापलं.

कालचा रोलही तसाच निघाला. छत्तीसच्या छत्तीस वाया. सरळ फोन लावला. "तुला फोटोतलं काही म्हणता काही कळत नाही. नऊ वर्षं फुकट घालवली मी तुझ्यामागे." वर्गात ओरडायचो तसा ओरडलो. रिटायर होऊन इतकी वर्षं झाली, तरी आवाज तोच.

तो म्हणाला, "बरं मास्तर."

एवढंच. उलट बोलला असता तर बरं वाटलं असतं.

नऊ वर्षांपूर्वी अळणावर स्टेशनात मी रुळांपुढे कॅमेरा घेऊन उकिडवा बसलो होतो. लाकूड डेपोचा हा वॉचमन मागे येऊन उभा राहिला. "काय हरवलं काय ओ?" तिथून सुरुवात. जुना कॅमेरा मीच दिला त्याला. दोघांनी एकच रोल वापरायची कल्पना मात्र त्याची, हे कबूल करायला हवं. आपण काय काढलं ते दुसऱ्याला सांगायचं नाही, हा नियमही त्याचाच.

१२ ऑगस्ट

अळणावर गाडीच्या कंडक्टरकडे, वेंकटेशकडे, नवा रोल दिला. चिठ्ठी लिहिली नाही. लिहायला हवी होती.

२४ ऑगस्ट, शनिवार

बारा दिवस झाले. रोल नाही, फोन नाही. एरवी दोन दिवसांत रोल संपवून पाठवतो, आणि वेंकटेश स्टँडवरून ओरडतो, "सर, निम्म रोल बंत री!", तुमचा रोल आला म्हणून. आज मीच विचारायला गेलो. त्याने नुसती मान हलवली.

रुसलाय वाटतं. रुसू दे! मी नाही फोन करणार.

२९ ऑगस्ट, गुरुवार

बाबाजी गेला.

काल दुपारी डेपोत छातीत कळ आली. धारवाडला आणेपर्यंत संपलं होतं. सविताचा, त्याच्या मुलीचा, फोन आला. "मास्तर, बाबा गेले." मी मूर्खासारखा विचारलं, "कुठे?"

३० ऑगस्ट

अळणावरला जाऊन आलो. कुणाशी काय बोललो आठवत नाही. "नऊ वर्षं फुकट" — माझं त्याच्याशी शेवटचं बोलणं हे. बसमध्ये लोकांदेखत रडलो.

९ सप्टेंबर, सोमवार

तेराव्याला गेलो होतो. जेवणं झाल्यावर अनुसयाने, बाबाजीच्या बायकोने, पदरातून रोलची डबी काढून माझ्या हातावर ठेवली. "तुमचा हाय. आदल्या दिवशीच संपवला होता. गाडीला द्यायचं ऱ्हाऊन गेलं."

सविता म्हणाली, "या रोलला पंधरा दिवस लावले बाबांनी. काय काढालाय विचारलं की म्हणायचे, मास्तरला आधी बघू दे."

अनुसयाचं एकच मागणं. तुमचंही त्यावर काढा, नेहमीसारखं, आणि एक फोटो मला द्या. भिंतीला लावीन म्हणाली. मी हो म्हटलं.

११ सप्टेंबर

रोल कॅमेऱ्यात भरला. फिल्मच्या तोंडाशी बाबाजीची पेनाची खूण आहे. ती कॅमेऱ्यातल्या खाचेशी जुळवून झाकण लावलं की माझी फ्रेम त्याच्या फ्रेमवर नेमकी बसते. हे मात्र तो कधी चुकला नाही.

उणकलला गेलो. बगळे होते, पाणी निवांत होतं. कॅमेरा डोळ्याला लावला आणि बोट हललंच नाही. मेलेल्या माणसाने शेवटचं जे बघितलं त्यावर मी माझे बगळे बसवू? तासभर तसाच बसून घरी आलो.

१३ सप्टेंबर

शालिनी सरळ बोलली. "अहो, खेळ दोघांचा होता ना? त्यांनी त्यांचं केलं, आता तुम्ही तुमचं करा."

मी म्हटलं, तुला फोटोतलं काही कळत नाही.

म्हटल्यावर जीभ चावली. हेच वाक्य! महिनाभरात दुसऱ्यांदा! ती पोळ्या लाटत राहिली.

१५ सप्टेंबर

पुन्हा गेलो, या वेळी नवनगरच्या बागेत. एका म्हाताऱ्यावर कॅमेरा रोखला. पुन्हा तेच. पूर्वी रोल आला की मी चप्पल न घालता बाहेर पडायचो, आज काय काढू न् काय नको असं व्हायचं. खाली काय असेल या विचारानेच अंगावर काटा यायचा. तो आनंद कुठे गेला कळत नाही.

१७ सप्टेंबर

सविताचा फोन. "मास्तर, झालं का तुमचं काढून? आई रोज विचारतीया."

"होतंय, होतंय," म्हटलं. खोटं.

२० सप्टेंबर, शुक्रवार

ठरलं. मी त्यावर काहीही काढणार नाही. रोल आहे तसाच धुणार.

नऊ वर्षं त्याच्या प्रत्येक फोटोवर मी माझं काहीतरी लादलं, वर त्यालाच शिव्या घातल्या. एकदा तरी बाबाजीने बघितलं ते नुसतं त्याचं म्हणून बघू दे. काठोकाठ भरलेलं असू दे. माझी मास्तरकी पुरे झाली. अनुसयालाही नवऱ्याने काढलेला निखळ फोटो मिळेल, ती नाही म्हणणार नाही.

शालिनीला सांगितलं. "तुम्हाला पटत असेल तर करा," म्हणाली. तिला पटलेलं नाही. पण आज कित्येक दिवसांनी पोटभर जेवलो. माफी मागितल्यासारखं वाटतंय.

२२ सप्टेंबर, रविवार

रोल धुतला. छत्तीसच्या छत्तीस फ्रेम आल्यात. सगळ्यांची उजवी बाजू कोरी, काचेसारखी आरपार; निगेटिव्हवर आरपार म्हणजे फोटोत काळोख. उजेडाचा एक कण पडू दिलेला नाही. लेन्सवर अर्धा काळा कागद लावून काढलंय त्याने, पंधरा दिवस. अनुसया चुलीपुढे, उजवीकडे काळोख. सविता स्कूटरपाशी, उजवीकडे काळोख. शेवटच्या फ्रेममध्ये स्वतः बाबाजी, अळणावरच्या फलाटावर, बाकाच्या अगदी कडेला सरकून बसलाय.

धुतलेल्या फिल्मवर आता काही काढता येत नाही.